वेखंड बदलायचे दिवस

होळीची राख चौकात अजून कोमट असते
तेव्हा मी अमळनेरची बस धरते.
दरवर्षी.
पहिल्या वर्षी चोपड्याची चुकली होती, इतकंच.

बोरीच्या पात्रात पाणी नाही,
पोरांनी स्टंप रोवलेत.
संग्रहालयाचं फाटक ढकललं
की उखर्डू माळी झारी खाली न ठेवता म्हणतो,
"उनी का बहीण? यंदा निंब उशिरा फुलना शे."
जणू उशीर माझ्यामुळे झाला.

पहिल्या दालनात तेलरंगातली बाई.
पाटीवर : चित्रकार अज्ञात, बाई अज्ञात.
तिच्या हातातला आंबा मात्र मी ओळखते.
शेप्या.
नाक जवळ नेलं तर पहारेकरी खाकरतो.

पलीकडे गेरूचे घोडे,
अक्राणीच्या कुण्या म्हाताऱ्याने काढलेले.
एकाला पाच पाय.
चूक म्हणून कुणी पुसायला गेलं
तर म्हातारा म्हणाला म्हणे,
पळतोय ना तो.

पोथ्यांच्या खोलीत दगाजी बोरसे
लाल फडकी सोडून बसलेले असतात.
जुना वेखंड काढायचा, नवा घालायचा,
उखर्डूने सावलीत वाळवलेला पाला
पानापानांत पसरायचा.
बोरसेंना आता अक्षर दिसत नाही.
पान नाकाशी धरतात आणि सांगतात,
"ही वरणगावची. ही भिजलेली."

यंदा त्यांनी मला एक कड धरू दिली.
समासात कुणा लेखकाने बारीक लिहिलंय :
आज बोरू बोथट. नदी आटली. निंब फुलला.
पुढे पुन्हा धर्म, पुन्हा मोक्ष,
ते मी वाचलं नाही.

बाराव्या पानापासून एकोणतिसाव्यापर्यंत
किड्याने एकच भोक पाडलंय,
सरळ, कुठेही न अडखळता.
मी गठ्ठा उजेडाकडे धरला.
त्या भोकातून खिडकी दिसली,
खिडकीतून निंबाची फांदी,
फांदीखाली उखर्डू,
टोपी काढून डोकं खाजवणारा.
बोरसे म्हणाले, "काय दिसतंय?"
मी म्हटलं, फुललाय.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

निघताना ते जुन्या वेखंडाचे तुकडे
वर्तमानपत्रात बांधून देतात.
माझ्या घरी पोथी नाही.
गॅसच्या पावत्या आहेत,
आणि बिबड्यांचं प्रमाण, आईच्या अक्षरात,
मिठाच्या ओळीवर तेलाचा डाग पडलेलं.
त्यात ठेवते.