सात जोड

वर्धा रोडवरच्या त्या दुकानात शिरलो तेव्हा
आम्ही तेरा. बारा पोरी आणि मी.
सीताबर्डीला मेट्रो बदलून आलेलो,
तांडापेठेची धूळ अजून टाचांच्या भेगांत.
बाहेर मे महिना, चव्वेचाळीस.
आत पाऊल टाकलं न टाकलं तोच
करुणा म्हणाली, "मॅडम, इथंच राहून जाऊ ना."

काय नव्हतं तिथं.
घोड्यावर ठेवायचं खोगीर,
मासे पकडायच्या गळांची वेगळी भिंत,
बर्फात घसरायचे चष्मे.
"नागपुरात कुठी बर्फ पडून राहिला?" शबिस्ता.
निळ्या जॅकेटातला मुलगा धावत आला.
कोणता खेळ?
"कबड्डी."
तो छताला टांगलेल्या पाट्या वाचत गेला,
जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव ऐकून
माणूस गर्दीकडे पाहतो तसा.
मग म्हणाला, योगाच्या मागे बघा.

योगाच्या मागे बॅडमिंटन होतं.

पर्समध्ये परिपत्रक:
चंद्रपूरचे सामने यंदा मॅटवर, बूट सक्तीचे.
मी अकरा वर्षं मातीत खेळले,
एक गुडघा तिथंच ठेवून आले.
बूट घातले ते फक्त पोलीस भरतीत धावताना,
तेही भावाचे, पुढे कापूस कोंबून.

जवळ नऊ हजार तीनशे चाळीस.
पाच मंडळानं दिले,
बाकीचे रविवारच्या तर्री-पोह्यांचे,
त्यातली चिल्लर करुणाच्या रुमालात.
साधा जोड बाराशे नव्याण्णव.
मी मनातल्या मनात बारानं गुणलं.
पुन्हा गुणलं.
आकडा काही लाजेना.

तोवर पोरींनी योगाच्या चार चटया
जोडून अंथरल्या होत्या.
रक्षंदा दम धरून आत गेलेली,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
सायकल बघायला आलेलं कुटुंब जागीच थांबलं.
दीक्षानं घोटा पकडला, दोघी कोसळल्या
डंबेल्सपासून वीतभर अंतरावर.
मॅनेजर म्हणाला, मॅडम, हे असं चालत नाही.
मी म्हटलं, हो, दिसतंय मला.
मला दुसरंच दिसत होतं:
मातीत सरकतो तो पाय इथं चिकटतो,
अर्ध्या श्वासाचा उशीर होतो परतताना.

मग सोनल बोलली. कधी बोलत नाही ती,
सगळे सामने बाकावरून पाहिलेले.
"मॅडम, आत तर सातच असतात."

सात गुणिले बाराशे नव्याण्णव.
नऊ हजार त्र्याण्णव.

फरशीवर ओळीनं बसवून पाय मोजले.
चार नंबरच्या दोघी, त्यांना एक जोड.
पाच नंबरच्या पाच, तीन जोड.
सहाच्या चौघी, दोन.
उजवा कोपरा, डावा कोपरा, चढाई, पकड,
आयुष्यभर शिकलेलं सगळं बाजूला सारून
जुन्या बिलाच्या पाठीवर मी संघ लावला
पावलांवरून.
प्रणोती दमली तर शबिस्ताच जाईल,
खेळ जुळो न जुळो, बोटं जुळतात.

रक्षंदाचा आठ.
पोरांच्या रॅकवर सापडला, काळा, एकच.
ह्या पायाला बदली नाही.
मी तिला म्हटलं, तुला पडता येणार नाही हं.
ती वाकून लेस बांधत होती.
"मी कधी पडली?"
आत्ताच, त्या चटईवर, असं मी म्हणणार होते.
म्हटलं नाही.

उरले दोनशे सत्तेचाळीस.
तिकिटं जाऊन थोडे राहिले,
करुणानं पुन्हा गाठ मारली.

परतीच्या मेट्रोत प्रणोतीनं बूट काढले,
शबिस्तानं घातले,
दीक्षा मोबाईलवर सेकंद मोजत होती.
रहाटे कॉलनीला एकोणतीस.
"परत," मी म्हटलं.
समोरच्या काकांनी पाय जवळ ओढून घेतले.
काँग्रेसनगरला तेवीस. परत.
दोसर वैश्य चौक येईस्तोवर अकरा,
डावा बूट अजून उलटा घालते पोट्टी.

रक्षंदा खिडकीशी.
तिनं लेस सोडलीच नव्हती.