उतारा

आमच्या नव्या अल्बमचं नाव 'उतारा'.
तलाठ्याकडचा काय? छापखान्यातल्या पोरानं विचारलं.
तवनाप्पा म्हणाला, तिकटीवरचा.
दहीभात, लिंबू, काळा बिब्बा.
पोरानं पैसे आधी मागितले.

पोस्टरवर कन्नड वर, ठळक.
मराठी खाली, मुंग्यांची रांग.
मधल्या कावळ्यावर कुणाची हरकत आली नाही.

रेकॉर्डिंग निपाणीत,
बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत. भिंतींना अजून झणका.
तिसऱ्या गाण्यात सिद्रामची शिंक आहे,
हलगीवर थाप पडायच्या नेमकी आधी.
काढूया म्हटलं तर कायतान म्हणाला, राहू दे की,
मेलेला शिंकलाय असं वाटालाय.
कायतानचे वडील कॅम्पात
गोऱ्यांच्या थडग्यांवरचं गवत कापायचे.
तो तारेवर बाटलीचा गळा घासतो
तेव्हा विळा दगडाला लागतो.

मी बेंजो वाजवते.
तो परदेशातला, गोल पोटाचा नव्हे.
आपला, टाइपरायटरच्या बटणांचा,
वरातीत नागीण वाजवून वाजवून झिजलेला.
एक बटण बाबांच्या बोटाएवढं खोलगट आहे.
तिथं माझं बोट आपोआप जातं,
गाणं कुठलंही असो.

सीडी कोण घेतंय आता.
पेनड्राइव्ह, विडीच्या पानात गुंडाळून
लाल दोऱ्यानं बांधलेला, दोनशे रुपये.
नव्व्याण्णव गेले.
त्यातले अकरा तवनाप्पाच्या मेव्हण्यानं घेतले.

चिकोडीत बरी गर्दी.
हुक्केरीत लाइट गेली, टेम्पोच्या दिव्यात वाजवलं,
किडे तोंडात जात होते.
गोकाकला करदंट दिला, पाकीट पुढच्या वेळी.

मग संकेश्वर.

चौथं गाणं चंपव्वाचं.
मध्यरात्र, सासूचा बोल, हिरण्यकेशीचा काठ,
घागर खाली ठेवून मारलेली उडी.
तवनाप्पानं आत्याकडून ऐकलं,
आत्यानं कासाराकडून.
काळी टोपी कपाळावर ओढून तो ते म्हणतो
तेव्हा बाया पदर तोंडाशी नेतात.
आम्हाला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

सामान भरताना टेम्पोजवळ एक म्हातारी,
चष्म्याला दोरी.
हारिल्ल आकी, म्हणाली. काल जारित्तु.
उडी नाही मारली तिनं. पाय घसरला.
माझी अक्का ती. नाव चंपव्वा नव्हे, गौरव्वा.
आणि रात्र कुठली? ऊन वर आलं होतं,
दहीवाल्याची नक्कल करून हसालती.
घागर वाहत निघाली.
मी सात वर्षांची.
मी घागरीमागं पळाले.

तवनाप्पानं टोपी काढली.
ती हातात कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

घागर घावली, म्हणाली म्हातारी,
आणि पोस्टर एक मागून घेतलं,
कपाटात अंथरायला.

नव्व्याण्णव पेनड्राइव्हांत ती अजून उडी मारते,
मध्यरात्री, दोनशे रुपयांत.
ते परत कसे मागवायचे?
मेव्हण्याचे अकरा मिळाले.

खानापुरात तवनाप्पा त्या ओळीशी आला
आणि गप्प झाला.
लोकांना वाटलं विसरला. शिट्ट्या आल्या.
मी एकटीनंच ओढलं पुढं.

लोंढ्याला जाताना सिद्रामनं विचारलं,
घागर किती वेळ तरंगती गा?
रिकामी का भरलेली, कायतान म्हणाला.
पुढं कोण बोललं नाही.

लोंढ्यात चौदा माणसं, एक कुत्रं.
चौथ्या गाण्यात मालगाडी आली,
डबे संपता संपेनात.
सिद्रामनं हलगी मांडीवर आडवी ठेवली.
मी थांबले नाही.
खोलगट बटण दाबून धरलं, तार छेडत राहिले,
मलाही ऐकू येत नव्हतं,
तरी, ऊन वर आलेलं असताना
एक पोरगी काठाकाठानं जेवढी पळेल
तेवढा वेळ.