दारामागचे दोन गोल

पहिलीच्या वर्गात, दारामागं, फरशीवर
खडूनं दोन गोल काढलेत.
एकात 'घर' लिहिलंय, दुसऱ्यात 'शाळा'.
लिहिलेलं अजून कुणाला वाचता येत नाही,
म्हणून घरापाशी चूल काढली, शाळेपाशी घंटा.
घंटा वांग्यासारखी झाली.
ती तशीच राहू दिली.

दुधनेच्या पात्रातून आणलेले एकोणीस खडे.
ज्यानं त्यानं आपापला निवडला.
सुफियानचा पांढऱ्या रेघेचा.
अन्विताचा, तिच्या मते, जिलेबीचा तुकडा.
तांड्यावरच्या खंडू आडेचा एवढा मोठा
की त्याच्याच मुठीत मावत नाही.
आल्यावर चप्पल काढायची,
आपला खडा घरातून उचलायचा, शाळेत ठेवायचा.
बास, एवढंच.
याला प्रशिक्षणात काय म्हणतात, ठाऊक नाही.

जूनभर खडे साडेअकरापर्यंत चालतच होते.
मग एका पहाटे, अजून कोंबडंही आरवलं नव्हतं,
अन्वितानं आईला हलवून उठवलं:
'ऊठ की, माझा खडा एकलाच ऱ्हाईल.'
तिची आई मला हे बांधावरून ओरडून सांगत होती.
रागावून का हसून, उन्हामुळं कळलं नाही.

दप्तर रात्रीच भरून खुंटीला,
डोक्याला तेल रात्रीच,
सकाळी नुसतं तोंड धुवायचं,
असं मी पालकसभेत सांगितलं होतं.
पालकसभेला चौघी आल्या होत्या.
त्यातली एक रेशन दुकान समजून.

गुरुवारी मात्र एक खडा चुलीपाशीच.
सुफियान बाजारात आईच्या बांगड्यांच्या पेटीजवळ बसतो,
सुट्टे पैसे मोजून परत देतो. बरोबर देतो.
वर्गात सातानंतर नऊ म्हणणारं लेकरू.
मी एका गुरुवारी मधल्या सुट्टीत तिथं गेले,
हात पुढं केला, डझनभर बांगड्या भरून घेतल्या,
विषय काढला नाही.
'हात सैल सोडा मॅडम,' शमीमबी म्हणाल्या,
आणि शेवटची बांगडी चढवताना, खाली बघत,
'सकाळच्याला पेटीपाशी कुणी नसतंय.
दुपारी धाडू का? चालंल?'
चालंल, म्हणाले.
तेव्हापासून खिचडीच्या वासाबरोबर तो खडा सरकतो.
अर्ध्या दिवसाचं काय लिहावं
हे मस्टरमध्ये कुठं छापलेलं नाही.
मी पेन्सिलीनं एक ठिपका देते.

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी मला ताप नव्हता.
अर्जात पोटदुखी लिहिली, तीही नव्हती.
सेलूच्या खोलीत पलंगावर बसून राहिले,
साडेआठची एसटी खालून गेली,
हॉर्न ओळखीचा होता, तरी उठले नाही.
उठावंसं वाटलं नाही, याला रजेच्या अर्जात रकाना नाही.

गुरुवारी वर्गात आले तर चुलीपाशी दोन खडे.
एक पांढऱ्या रेघेचा.
दुसरा खडा नव्हताच, विटेचा तुकडा होता,
शौचालयाच्या बांधकामावरून उचललेला.
'हा कुणाचा रे?'
'तुमचा.'
'कधी ठेवलात?'
'काल. आमी समदे आलतो. तुमीच नव्हत्या.'
कुणी हसलं नाही.
खंडूनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं,
मग मोठ्या माणसासारखा घसा खाकरून म्हणाला,
'रातीच पर्स खुंटीला आडकवून ठिवायची, मॅडम.
सकाळी नुसतं तोंड धुवायचं.'

मी चप्पल काढली. खाली वाकले.
'तिकडं न्हाई, हिकडं! वांग्याच्या गोलात!'
अठरा जणांनी एकदम सांगितलं.

मग हजेरी घेतली.
बोटांना विटेची भुकटी लागलेली.
आज मस्टरमध्ये अठरा नावांपुढं लालसर ठसा आहे,
आणि सुफियानच्या नावापुढं
दुपारपर्यंतची मोकळी जागा.