डाग

तीन सेकंद. उजवा गाल ओढला जातो,
उजवा हात आखडतो,
फुंकणीची ज्योत पैंजणावरून सरकते.
दिवसाला चाळीस वेळा. मी रेघा मारत गेले
कारखान्याच्याच वहीत, आटणीच्या हिशोबाखाली.

हुपरीत कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं वय.
अण्णा म्हणाले, "हात माझा नव्हंच ह्यो,"
आणि दुपारी मला आत्याच्या नावानं हाक मारली.

राजारामपुरीत, तळघरात मशीन.
खिडकीतला पोरगा फॉर्म भरतो :
अंगात धातू? पेसमेकर? स्क्रू?
डोळ्यात कधी कण गेलाय?
अण्णा हसले. "कधी गेला न्हाई ते इचार."
मग आधी डोळ्यांचा एक्स-रे.
मग करदोडा. लग्नात स्वतःच घडवलेला, निघेना.
पक्कड मागवली, स्वतःच तोडला,
तळहातावर जोखला, माझ्या मुठीत दिला.
"अकरा तोळं, दोन मासं."
सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं त्यांना.

चाळीस मिनिटं आत ठोकाठोक.
बाहेर आल्यावर म्हणाले,
"कारागीर कच्चा हाय. ठोका सारखा पडत न्हाई."

पहिल्या फिल्मवर काहीच नव्हतं.
काहीच नाही, याची एवढी भीती
मला कधी वाटली नव्हती.
तीन आठवड्यांनी पुन्हा.
या वेळी कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं, पांढरं.

खोत डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण टेकवलं :
हे आठवणीचं ठिकाण, सुजलंय.
गाठ नाही. बाहेरून काही शिरलेलं नाही.
रक्तातले राखणदार घरच्याच माणसाला
कोण तू म्हणून विचारतात,
आणि उत्तराला थांबत नाहीत.
मी मान हलवली.
त्यातलं 'घरच्याच' तेवढं मला कळलं.

अण्णांनी फिल्म ओढून घेतली,
खिडकीशी धरली, एक डोळा मिटला,
गिऱ्हाइकाची जुनी वस्तू पारखतात तसा.
"हितं डाग जास्त झालाय," म्हणाले,
"सांधा झाकाय गेलंय कोणतरी. घासून निघंल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं.
पाच दिवसांचं सलाईन सुरू झालं.

चौथ्या दिवशी वहीत सहा रेघा.
पाचव्या दिवशी अकरा.
सहाव्या दिवशी मोजायचंच राहून गेलं,
मी कॉटखाली बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

रात्री पर्समधनं त्यांनीच काढले
करदोड्याचे दोन तुकडे. उलटसुलट करून पाहिले.
"कुणाचा गं ह्यो?"
तुमचाच.
बराच वेळ त्यांचा हात हलला नाही.
"काम बरंय," म्हणाले.