एका पायाचा मोर

मेनत्ता विड्या वळता वळता गोष्ट सांगते
आणि दर पंचवीस विड्यांनी थांबते.
कट्टा बांधायचा, दोरा दातांनी तोडायचा,
'इरवै ऐदु' म्हणायचं,
मग पुढचं.
त्यामुळे आमच्या घराण्याचा इतिहास
पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्यांत आहे,
आणि नेमका मोक्याच्या जागी तुटलेला.

विडी घरकुलातली दहा बाय बाराची खोली.
मे महिना. डोक्यावर पत्रा टणटण बोलायचा.
भिंतीपलीकडे गाजुलांचे चार माग.
भिजवलेली पानं फडक्यात गुंडाळून द्यायची, हे माझं काम.
दुसरं काम, ऊं म्हणायचं.
'ऊं कोट्टु,' ती दटावायची,
'ऐकणारा मुका असला की गोष्ट रुसते.'

गोष्ट एकच. सत्तय्यातातांची.
कारखान्यात चादर विणताना त्यांच्या हातून
एक मोर एका पायाचा उतरला.
जॉबरनं आठ आणे दंड केला
आणि वर ती चादर त्यांच्याच गळ्यात मारली.
तिच्यावर आमच्या घरातली अकरा पोरं जन्मली,
पहिली मेनत्ता, त्याच संध्याकाळी.

पण मोर तसा का उतरला?
मेनत्ता म्हणते, तातांना डुलकी लागली.
रात्रभर पोचव्वाला कळा येत होत्या,
त्या माझ्याच.
नायना म्हणतात, डुलकी कसली!
संपाचे दिवस होते, तातांनी मुद्दाम खाल्ला मोराचा पाय,
शेठला कळावं म्हणून.
चिन्नायना अंबादास जन्मभर जकार्ड बांधत आले,
ते दोघांनाही हसतात:
'कार्ड फाटलं होतं. एक कुठला,
अख्ख्या ताग्यातले मोर लंगडे निघाले.
बाकीचे विकले गेले.
गिऱ्हाईक काय मोराचे पाय मोजतं?'

चादर मी पाहिलेली नाही.
कुणी म्हणतं, मागाच्या मोटारीवर झाकायला गेली,
कुणी म्हणतं, पोचव्वाबरोबरच गेली.

कारखान्यात विड्या मोजून घेताना छाट काढतात.
सैल, आखूड, पान चिरलेली
बाजूला. तेवढी मजुरी बुडाली.
मी एकदा विचारलं, 'यातली छाट कुठली गं?'
तिनं कात्री पानावरून फिरवत ठेवली.
'कारखान्यात काढतात ती पुरे.
घरात मी छाट काढत नाही.'

गेल्या दिवाळीत फोन ठेवला सुपाशेजारी.
शब्द न् शब्द घ्यायचा, असं ठरवून. दीड तास.
पुण्याला येऊन लावून बघते तर
गाजुलांचे माग.
खडखट् खडखट् खडखट्
आणि त्यातून, फोनला टेकून बसलेली
मीच:
ऊं.
ऊं.
मग?
ऊं.

नव्या पेठेतला आवाजाचं काम करणारा पोरगा म्हणाला,
'मागाचा आवाज काढता येईल ताई,
पण त्याच्यासोबत आत्याही जातील.
दोघांची पट्टी एकच आहे.'
साठ वर्षं मागांच्या वरताण बोलायचं
म्हणजे दुसरं काय होणार!

तेव्हापासून मी वहीत ऊं लावून ठेवते.
हा लांबलेला ऊं, इथे तातांचे डोळे मिटले असतील.
हा घाईचा, इथे जॉबर आला.
इथे नुसतं 'मग?',
इथे ती दोरा तोडत असणार.
मधल्या जागा मी भरते,
आणि भरताना मलाच शंका येते
की आठ आणे होते, का चार.

काल साईश्रीला सांगत होते.
पाच वर्षांची आहे, ऊं बिं काही म्हणत नाही,
मधेच बोलते.
'अगं, दुसरा पाय त्यानं पोटाशी घेतला असेल.
झोपला होता ना तो.'

मी फोन लावला सोलापूरला.
हे तिला सगळं सांगितलं, मोर, पोट, झोप.
पलीकडे खडखट् खडखट्.
ऐकू गेलं की नाही कळेना.
मग त्या खडखडाटातून, अगदी जवळून,
'ऊं.'

मी पुढचं सांगणार, तोच
'इरवै ऐदु'
आणि फोन ठेवला गेला.