काई बर्डी

जुन्या नकाशावर लिहिलंय : काई बर्डी.
मी चढून पाहिली. काई कुठेच नाही.
आठ महिने पाण्याचा थेंब नसतो तिथे,
काई धरणार कशाला?
काळा दगड, उन्हात तव्यासारखा,
आणि खाली उखर्डूबाबांच्या बकऱ्या.

"कायी शे ती, कायी. दिखस नही का तुले?"

काळी.
कोण्या साहेबानं ऐकलं, इंग्रजीत उतरवलं,
कोण्या कारकुनानं इंग्रजीतून परत मराठीत आणलं,
आणि शंभर वर्षं या उघड्या बर्डीवर
कागदातल्या कागदात शेवाळ चढत गेलं.

माझी आई डोयाच म्हणायची.
साक्रीच्या शाळेत बाईंनी घासून घासून
माझ्या य चा ळ केला.
आता टॅबवर बोट धरून उभी आहे.
कायी लिहू की काळी?
"इतला इचार कसाले करस," बाबा म्हणतात,
"बर्डीले वाचता थोडीच येस."
कायी लिहिलं. वरचे साहेब दुरुस्त करतील.

दिवसभर ते काठी उचलत गेले
आणि काठीच्या टोकाला नावं येत गेली.
म्हातारीनं ढोपर. वाघूयदरा.
हाग्या नाला लिहिताना मी थबकले.
"पावसायामा ये," ते म्हणाले, "मंग इचार."

उतरताना, करंजाखाली,
मे महिन्यातलं ओंजळभर थंड पाणी.
याचं नाव?
काठी उचलली नाही.
बराच वेळ बकऱ्याच मोजत राहिले.

मग म्हणाले, त्यांच्या आधी तिघं गेली होती.
चौथ्या खेपेला मायनं उकिरड्यावर टाकलं,
झाडूनं ओढून परत घरात घेतलं,
नाव असं ठेवलं
की मरणालाही हाक मारायची किळस यावी.
"म्हनीसन जगनू."
आणि झिऱ्याकडे न बघता :
"याले नाव नही. लिखी ले."

तेवढ्यात वरून त्यांच्या नातीनं
बकऱ्यांना पाण्यावर हाकललं,
पाण्याचं नाव घेऊन, मोठ्यानं.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी टॅबकडे.

रकाना रिकामा चालत नाही,
चौकट लाल होते, पुढे जाऊ देत नाही.
मी लिहिलं : उकिरडा.
वाचून दाखवलं.
ते खोकल्यासारखे हसले
आणि मला पाणी पाजलं.

खरं नाव दोन अक्षरी आहे.
दुसरं अक्षर ळ आहे,
म्हणजे य.