उतरता भाव

आविलेसच्या बंदरात पहाटे लिलाव असतो, उलटा.
भिंतीवरचा आकडा वरून खाली घसरत येतो,
बारा युरो, अकरा नव्वद, अकरा ऐंशी,
आणि कुणीतरी बटण दाबतं.
थांबला तिथं भाव.
एकोणीस वर्षं मी त्याच्या नोंदी ठेवतेय.
कुणीच दाबलं नाही तर आकडा कुठवर जातो
तेही पाहिलंय. ती मासळी पुन्हा समुद्रात जात नाही.

शुर्दे पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो.
उरलेल्या वेळात, सहा वर्षं,
त्यानं एका मृत यंत्रासाठी खेळ लिहिला:
दीपगृहाची राखणदारीण, बत्तीस खोल्या,
तेलाच्या बाटल्या, एक चावरा बगळा.
सगळं मिळून अठ्ठेचाळीस किलोबाइटांत.
माझ्या फोनमधला बांगड्याचा एक फोटोसुद्धा
याहून जड आहे.

सुरावट माझी.
त्या यंत्राच्या भोंग्यातून एका वेळी एकच सूर निघतो,
म्हणून दुसरा सूर आहे असं भासवावं लागतं.
शेवटी एकशे बारा बाइट कमी पडले.
शुर्देनं बगळा ठेवला
आणि माझ्या सुरावटीचं शेपूट कापलं.

खिखोनच्या मेळाव्यात, शाळेच्या व्यायामशाळेत,
आम्ही टेबल मांडलं. चाळीस कॅसेटी.
शेजारच्या टेबलावरून बेनिग्नो म्हणाला,
हौसेला मोल नसतं, शुर्दे.
पैसे घेतलेस की तू दुकानदार.
(त्यानं स्वतः तसलंच एक यंत्र, न फोडलेल्या खोक्यासकट,
चारशेला घेतलंय. खोकं अजून फोडलेलं नाही.)

शुर्देनं नऊ लिहिलं. खोडलं.
आठ लिहिलं, इकडंतिकडं पाहिलं.
सात.
कोरी कॅसेट, डबी, मुखपृष्ठाची छपाई,
हेच मुळी चार ऐंशी होतं.
मला ती घसरण ओळखीची होती.
सहावर मी टेबलावर तळहात आपटला.
बेनिग्नोच्या कपातली कॉफी हिंदकळली.

खरं सांगायचं तर आमचे हात काही स्वच्छ नव्हते.
पोरवयात, रविवारच्या बाजारात,
शंभर पेसेता देऊन नक्कल केलेल्या कॅसेटी आणायचो,
नावं बॉलपेनानं लिहिलेली, तीही चुकीची.
ज्यानं तो खेळ रात्र रात्र जागून रचला
त्याच्या हातात काय पडलं असेल,
हा प्रश्न आम्हाला चाळीस वर्षं उशिरा पडला,
तोही आमच्याच टेबलामागं बसल्यावर.

अकरा विकल्या गेल्या.
नफा तेरा युरो वीस. येतानाचं पेट्रोल वेगळं.

तीन आठवड्यांनी एका बाईचं पत्र आलं, ओव्हिएदोहून.
चौदाव्या खोलीत शिडी भिंतीत शिरते,
राखणदारीण अडकते, बगळा तिला खात राहतो.
सहा युरो दिलेत, म्हणून सांगतेय.
शुर्देनं ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं,
कुणी बक्षीस दिल्यासारखं.
त्याआधी वर्षभर हाच खेळ फुकट पडून होता,
हजारेक जणांनी उतरवून घेतला.
शिडी तेव्हाही भिंतीतच होती.
त्यांतलं कुणी चौदाव्या खोलीपर्यंत पोचलं नाही,
किंवा पोचलं आणि फुकटात कुठं तक्रार करायची म्हणून
गप्प बसलं.

बेनिग्नो चूक होता असं मी म्हणत नाही.
आता शुर्दे नवं काही लिहायला बसला
की आधी टेबल दिसतं त्याला, मग खोली.
हे मला आवडत नाही, आणि टेबलावर हात
मीच आपटला होता.

शिडी त्यानं दोन रात्रींत सरळ केली,
अकरा जणांना नवी कॅसेट स्वखर्चानं पाठवली.
म्हणजे तेरा वीस गेले, वर आणखी काही.
मग मला म्हणाला, तुझा वाटा राहिलाय.
शिडीचा हिशेब बदलताना नव्वद बाइट सुटले होते,
ते त्यानं माझ्या सुरावटीला दिले.

शेपूट परत आलं.
पूर्ण नाही. शेवटचे दोन सूर
अजून बगळ्याकडेच आहेत.